बोटावरचा ९७ आणि रात्रीची चौथी उशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे, राहणार साताऱ्याजवळ. आठ महिन्यांपूर्वी उजव्या हातापासून एमएनडी (मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी होत जाऊन स्नायू दुबळे होण्याचा आजार) सुरू झाला, आता बोलणंही थोडं जड झालंय. रात्री झोपताना चार उशा लागतात, पहाटे डोकं दुखतं, सकाळी पेपर वाचता वाचता मान कलते. घरचे डॉक्टर म्हणतात, छाती स्वच्छ आहे, ऑक्सिजन ९७ आहे, काळजीचं कारण नाही. न्यूरोच्या डॉक्टरांनी पीएफटी (यंत्रात फुंकून करायची श्वासाची तपासणी) करायला सांगितली, पण लॅबमध्ये बाबांच्या ओठांतून हवा निसटत राहिली, तंत्रज्ञ वैतागला आणि रिपोर्टवर ‘रुग्णाचे सहकार्य अपुरे’ असा शेरा मारून मोकळा झाला. मुलगी विचारते आहे: नेमक्या कोणत्या तपासण्या करून घ्यायच्या, किती दिवसांनी, आणि बाबांना त्या जमणारच नसतील तर?

आधी तातडीचं सांगते, बाकीचं नंतर सावकाश वाचा. चार उशा, पहाटेची डोकेदुखी आणि दिवसाची झोप ही तीन लक्षणं एमएनडीच्या माणसात एकत्र दिसली की श्वासाचे स्नायू थकले आहेत असंच मी धरून चालते. तसं नाही हे तपासणीने सिद्ध करायचं, आहे हे नाही. तेव्हा याच आठवड्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासून घ्या आणि बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वास घ्यायला मदत करणारं यंत्र) लावण्याचा अनुभव असलेल्या छातीच्या डॉक्टरांची वेळ घ्या. पीएफटी नीट झाली नाही म्हणून यातलं काहीही अडवून ठेवू नका.

आता तो ९७. कोविडनंतर आपल्याकडे घरोघरी बोटाला लावायचं यंत्र आलं आणि ‘ऑक्सिजन चांगला म्हणजे श्वास चांगला’ हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं. कोविडमध्ये ते बरोबरच होतं, कारण तिथे आजार फुफ्फुसांत होता. एमएनडीत फुफ्फुसं बहुधा ठणठणीत असतात. लोहाराची भट्टी शाबूत आहे, पण भाता ओढणारा हात थकलाय, असं समजा. स्टेथोस्कोपने छाती स्वच्छ ऐकू येणार, एक्स-रे स्वच्छ येणार, सीटी स्कॅनवर हजारो रुपये घातले तर तोही स्वच्छच येणार. यातली एकही तपासणी भात्याकडे बघत नाही.

भाता कमी चालला की आधी कार्बन डायऑक्साइड साचतो, ऑक्सिजन नंतर घसरतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड साधारण ३५ ते ४५ (मिलिमीटर पारा) असतो. तो ४० वरून ५० वर चढला, म्हणजे धोक्याची रेघ ओलांडून बराच पुढे गेला, तरी चांगल्या फुफ्फुसांच्या माणसाच्या बोटावर ९५ च्या आसपास आकडा दिसू शकतो. रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरला तरी हिमोग्लोबिन त्याला बराच वेळ धरून ठेवतं, म्हणून असं होतं. मग कार्बन डायऑक्साइड आणखी चढला की एकदम उतार लागतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हणूनच एमएनडीत फुफ्फुसांचा दुसरा आजार नसेल तर ९४ किंवा त्याखालचा आकडा आला की रक्तवायू तपासायला सांगितलं आहे, आणि कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर निघाला तर श्वसनतज्ज्ञांनी आठवड्याच्या आत रुग्णाला बघावं असं म्हटलं आहे. आपल्याकडे ९४ ला कोणी वळूनही बघत नाही. घरचे डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हातातलं यंत्र दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतंय, एवढंच.

आणि याच कारणासाठी एक विनंती. २०२१ मध्ये घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर असेल तर तो बाबांना परस्पर लावू नका. ऑक्सिजन दिला की बोटावरचा आकडा छान ९९ होतो, घरात सगळ्यांना हायसं वाटतं, आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढत राहतो. भाता ओढायला मदत करतं ते बायपॅप; ऑक्सिजनने भाता चालत नाही. झोप लागत नाही म्हणून झोपेच्या गोळ्या सुरू करण्याचा मोहही आवरा, निदान रक्तातला कार्बन डायऑक्साइड किती आहे हे कळेपर्यंत तरी. हे मी इतकं ठासून सांगते कारण माझ्याकडे गुंगीत आलेल्या दोघातिघांच्या हातात आधीच्या ठिकाणची चिठ्ठी होती: ऑक्सिजन चालू, रात्री अर्धी गोळी.

रक्तातला कार्बन डायऑक्साइड बघण्याची तपासणी म्हणजे एबीजी, धमनीतल्या रक्ताची रक्तवायू तपासणी. मनगटातल्या धमनीत सुई घालतात आणि ती दुखते. आधी तेवढीच जागा बधिर करणारं इंजेक्शन द्या असं नम्रपणे सांगा. बरेच जण देतात, पण विचारल्याशिवाय नाही. ब्रिटनमध्ये कानाच्या पाळीतून थेंबभर रक्त घेऊन हेच काम करतात, आपल्याकडे ती सोय क्वचित दिसते. धमनीतून घेणारं कोणी जवळ नसेल तर साध्या शिरेतल्या रक्ताचा गॅसही चालेल, पण त्याचा अर्थ एकाच बाजूने लावायचा: शिरेत कार्बन डायऑक्साइड ४५ च्या आत असेल तर धमनीत तो वाढलेला असण्याची शक्यता फारच कमी. शिरेत जास्त आला तर मात्र निष्कर्ष काढायचा नाही, धमनीतून घ्यायचं.

त्याच रिपोर्टवर बायकार्बोनेट नावाचा आकडा असतो, तो वाचायला विसरू नका. सुईच्या भीतीने माणूस भराभर श्वास घेतो आणि त्या दोन मिनिटांत कार्बन डायऑक्साइड खाली येतो, रिपोर्ट सभ्य दिसतो. बायकार्बोनेट मात्र दोन मिनिटांत बदलत नाही. रात्रीमागून रात्री कार्बन डायऑक्साइड साचत असेल तर मूत्रपिंडं त्याची भरपाई म्हणून बायकार्बोनेट राखून ठेवतात. तो २७ किंवा त्याहून जास्त असेल आणि उलट्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असं दुसरं कारण नसेल, तर दिवसाचा कार्बन डायऑक्साइड ४३ दिसला तरी माझा रात्रीवरचा संशय जात नाही. गावातल्या लॅबलाही जमेल असा हा धागा आहे आणि तो सर्रास वाया जातो.

आता त्या पीएफटीकडे येऊ. खरा घोळ तिथे झालाय.

आपल्याकडची बहुतेक पीएफटी केंद्रं दमा आणि सीओपीडीच्या (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) रुग्णांवर चालतात. तिथली सवय अशी: जोरात फुंका, फुंकत राहा, फुंकत राहा, मग पंप देतो, पुन्हा फुंका. पंप देऊन श्वासनळ्या उघडतात का हे बघायचं असतं. बाबांच्या श्वासनळ्या मुळात बंद नाहीत, त्यामुळे तो दुसरा भाग त्यांना फक्त दमवतो. आपल्याला हवा आहे एकच मुख्य आकडा: पूर्ण छाती भरून घेतलेला श्वास पूर्ण बाहेर सोडला तर हवा किती निघते. त्याला व्हायटल कपॅसिटी म्हणतात. जोराने सोडून मोजली तर एफव्हीसी, सावकाश सोडून मोजली तर एसव्हीसी. तोंडाचे, घशाचे स्नायू सैल असतील तर सावकाश सोडलेली बरेचदा जास्त खरी येते.

ओठ मिटत नाहीत हे एमएनडीत इतकं नेहमीचं आहे की त्यावर ‘सहकार्य अपुरे’ असा शेरा बघितला की माझं डोकं फिरतं. तो माणूस जीव तोडून फुंकत असतो. उपाय साधा आहे: तोंडात नळी देण्याऐवजी नाक-तोंड झाकणारा मास्क यंत्राला जोडायचा आणि तो कोणीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. कवळी असेल तर ती काढायची नाही, कवळीवर ओठ जास्त नीट बसतात. गाल फुगत असतील तर बाजूने तळहात लावायचे. तीन चांगले प्रयत्न झाले की बास. मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती द्यायची. सहाव्या-सातव्या प्रयत्नापर्यंत स्नायू थकतात आणि आकडा खाली जातो, वर येत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे हीच तपासणी बाबांना उताणं झोपवून पुन्हा करायची. हे सांगितल्याशिवाय जवळपास कुठेच होत नाही. छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू, श्वासपटल, हा श्वासाचा मुख्य गडी. बसलेलं असताना पोटातले अवयव खाली ओघळतात, त्यामुळे कमजोर श्वासपटलाचंही भागून जातं. आडवं झालं की तेच अवयव त्याला छातीत ढकलतात. बसून २.४ लिटर आणि झोपून १.७ लिटर निघाले तर ती जवळपास २९ टक्के घट झाली. निरोगी माणसात ही घट फार तर दहाएक टक्के असते. २० ते २५ टक्क्यांच्या वर गेली की श्वासपटल कमजोर आहे असं मानतात. बसून केलेल्या तपासणीत ८० टक्के आलेला माणूस रात्री चार उशा का घेतो, याचं उत्तर त्या झोपवून केलेल्या दोन मिनिटांत असतं.

(झोपवल्यावर फार धाप लागली आणि तपासणी करता आलीच नाही, तर तेही रिपोर्टवर लिहून घ्या. ‘सपाट झोपता येत नाही’ हा निष्कर्षच आहे, तपासणी फसली असं नाही.)

टक्क्यांबद्दल एक सावधगिरी. रिपोर्टवरचे टक्के म्हणजे तुमच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाच्या तुलनेत किती. पण तो निरोगी माणूस कुठला धरायचा हे प्रत्येक यंत्रात वेगवेगळं बसवलेलं असतं. भारतीय माणसाच्या फुफ्फुसांचं अपेक्षित माप युरोपीय माणसापेक्षा कमी धरतात. समजा बाबांची हवा २.१ लिटर निघाली. यंत्रात अपेक्षित ३.६ लिटर असेल तर ५८ टक्के, ३ लिटर असेल तर ७० टक्के. माणूस तोच, श्वास तोच. म्हणून शक्यतो प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी तपासणी करा, आणि वहीत टक्क्यांबरोबर लिटरही लिहा. उभं राहता येत नसेल तर तंत्रज्ञाने नजरेनेच उंची ठरवू नये. आजाराआधीची माहीत असलेली उंची सांगा किंवा दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजायला लावा.

स्नायूंची ताकद थेट मोजणाऱ्याही तपासण्या आहेत. नळीतून अडवलेली हवा जोरात ओढायची ती एमआयपी. दुसरी मला जास्त आवडते, तिचं नाव स्निप: एका नाकपुडीत बोंडासारखी नळी बसवतात, दुसरी मोकळी असते, तोंड मिटून जोरात हुंगायचं. तपकीर ओढल्यासारखं, असं मी आजोबांना सांगते आणि त्यांना लगेच कळतं. ओठ घट्ट धरायची गरज नाही, म्हणून बोलणं जड झालेल्यांना ती जमते. दहाएक वेळा हुंगायला लावतात आणि सगळ्यात चांगला आकडा घेतात, कारण पहिले दोन-तीन शिकण्यातच जातात. ‘नाइस’च्या सूचनांप्रमाणे स्निप किंवा एमआयपी पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या खाली आली तर बायपॅपचा विचार करायचा, लक्षणं असोत नसोत. लक्षणं असतील तर पुरुषांत ६५ आणि बायकांत ५५ च्या खालीच. शिवाय तीन महिन्यांत दहापेक्षा जास्त घसरण झाली, तर तीही पुरेशी खूण आहे. व्हायटल कपॅसिटीचंही तसंच: ५० टक्क्यांच्या खाली गेली तर लक्षणांची वाट बघायची नाही, आणि लक्षणं असतील तर ८० च्या खालीच विषय काढायचा. ‘अजून ५० झालं नाही, मग बघू’ असं बऱ्याच रुग्णांना सांगितलं जातं. त्या सूचनेचं दुसरं वाक्य कोणी वाचलेलंच नसतं. तुमच्या बाबांना लक्षणं आहेत, तेव्हा त्यांची रेघ ८०, ५० नव्हे.

स्निपचं यंत्र मोजक्याच ठिकाणी असतं. पुण्या-मुंबईतही फोन करून, नाव घेऊन विचारावं लागतं. नाही मिळालं तर त्यासाठी बंगळुरूला धावू नका. बसून-झोपून व्हायटल कपॅसिटी आणि रक्तवायू एवढ्यावर निर्णय होतो.

रात्रीची तपासणी मात्र करावी, आणि ती घरीच होते. साध्या पल्स ऑक्सिमीटरसारखंच, पण रात्रभराची नोंद ठेवणारं यंत्र मिळतं. बोटाला किंवा अंगठीसारखं लावून झोपायचं, सकाळी आलेख काढायचा. सरासरी बघू नका. ९० च्या खाली एकूण किती वेळ गेला आणि खड्डे कधी पडले ते बघा. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे जवळजवळ सगळे स्नायू सैल सोडलेले असतात, श्वासाचा सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. ही झोप पहाटे जास्त असते. म्हणून श्वासपटल थकलेल्या माणसाच्या आलेखात पहाटेकडे खोल खड्डे दिसतात, आणि साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगून उठताना डोकं दुखतं. बाबांची डोकेदुखी चहानंतर तासाभरात कमी होते का, हे मला जाणून घ्यायला आवडेल. बहुधा होत असणार. बाबा खुर्चीत बसून झोपले किंवा रात्रभर जागेच राहिले तर आलेख चांगला येईल आणि त्याचा अर्थ शून्य असेल. किती वाजता डोळा लागला, किती उशा होत्या, हे कागदावर लिहून आलेखाला जोडा. आणि आलेख अगदी सपाट आला तरी लक्षणं खोटी ठरत नाहीत.

हॉस्पिटलात डोक्याला वायरी लावून करायची पूर्ण स्लीप स्टडी बहुतेकांना लागत नाही. कूस बदलायला माणूस लागणाऱ्याला अनोळखी खोलीत बांधून ठेवण्यासारखं आहे ते. घोरणं, लठ्ठपणा, मुळातला स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधूनमधून थांबण्याचा आजार) असा दुसरा संशय असेल तरच करा, आणि रात्री शेजारी घरचं माणूस बसू देतील का हे आधी विचारा. काही वर्षांपूर्वी विदर्भातले एक निवृत्त शिक्षक अशी स्टडी करून सीपॅप नावाचं यंत्र घेऊन माझ्याकडे आले होते. रिपोर्टमध्ये श्वास थांबल्याच्या नोंदी होत्या, त्या ॲप्नियाच्या धरल्या गेल्या. सीपॅप सतत एकाच दाबाने हवा सोडतं. श्वास घेताना मदत मिळत नाही, सोडताना मात्र त्या दाबाविरुद्ध सोडावा लागतो. थकलेल्या माणसाला ते ओझंच. बायपॅप श्वास घेताना जास्त दाब देतं, सोडताना कमी. नावं कानाला सारखी वाटतात म्हणून दुकानदारही एकाऐवजी दुसरं देतात. मास्तरांचं यंत्र बदललं, तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने फोन केला की बाबा आज सकाळी पेपर पूर्ण वाचून मग बोलले.

मग घरी काय बघायचं? बाबांना जमेल तेवढं सपाट झोपवा, बनियन वर करा, आणि श्वास आत घेताना पोट वर येतंय की आत ओढलं जातंय ते बाजूने बघा. आत ओढलं जात असेल तर श्वासपटल काम करत नाहीये. त्याचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. मी असे व्हिडिओ रिपोर्टइतकेच लक्ष देऊन बघते. दुसरं, एक पूर्ण श्वास भरून एका दमात आकडे मोजायला लावा, सेकंदाला दोन या बेताने. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. बाबांचं बोलणं जड आहे, त्यामुळे त्यांचा आकडा इतरांशी ताडून बघण्यात अर्थ नाही, पण दर रविवारी त्याच वेळी मोजून वहीत लिहिला तर त्यांचा स्वतःचा उतार कळेल. उशा किती, रात्री किती वेळा जाग आली, जेवताना धाप लागते का, बोलताना वाक्य कुठे तुटतं, हेही त्याच वहीत लिहा. फोनवरच्या ॲपपेक्षा शाळेची शंभर पानी वही बरी, ती डॉक्टरांसमोर उघडता येते.

खोकल्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि एमएनडीत खोकला दुबळा पडून कफ अडकल्याने माणूस दगावू शकतो. खोकायला आधी छाती भरावी लागते, घसा बंद करावा लागतो, मग पोटाच्या स्नायूंनी जोर द्यावा लागतो; या तिन्ही गोष्टी हा आजार हिरावतो. दम्याच्या रुग्णांकडे असतं ते शंभर-दोनशे मिलिलिटरच्या बाटलीएवढं साधं पीक फ्लो मीटर मास्कला जोडून त्यात खोकायला लावलं की आकडा मिळतो. निरोगी मोठ्या माणसाचा मिनिटाला ३६० लिटरच्या वर असतो. २७० च्या खाली आला की साध्या सर्दीतही बेडका अडकू शकतो, म्हणून त्याआधीच फिजिओथेरपिस्टकडून आंबू बॅगने (हाताने दाबून हवा भरायचा फुगा) छाती भरून पोटावर दाब देत खोकवायला शिकून घ्या. १६० च्या खाली खोकला जवळजवळ निकामी असतो आणि खोकायला मदत करणाऱ्या कफ असिस्ट यंत्राचा विचार करावा लागतो. हे सगळं पावसाळ्याआधी शिकून झालेलं बरं. घरात नातवाला सर्दी झाली की मग शिकायला वेळ नसतो.

किती वेळा तपासायचं? दर दोन ते तीन महिन्यांनी, आणि लक्षण बदललं तर त्याआधी. साताऱ्याहून दर वेळी प्रवास करायचा तर न्यूरोची आणि श्वासाची वेळ एकाच दिवशी मागा, आणि फुंकण्याची तपासणी सकाळी, भरपेट जेवणाआधी, प्रवासानंतर तासभर टेकवून मग. संध्याकाळी पाच वाजता शेवटचा नंबर लागला तर बाबांचा आकडा त्यांचा नसतो, त्या दिवसाचा असतो.

लॅबला काय सांगायचं असं विचाराल, तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर एवढं लिहून घ्या: ‘निदान एमएनडी. व्हायटल कपॅसिटी बसून आणि उताणे झोपून, मास्कने, सावकाश व जोरात. पंप देऊन पुन्हा तपासणी नको. एमआयपी, एमईपी, शक्य असल्यास स्निप. पीक कफ फ्लो.’ एमईपी म्हणजे जोरात सोडण्याची ताकद, खोकल्याशी संबंधित. पॅकेजमध्ये डीएलसीओ (फुफ्फुसांतून रक्तात वायू किती जातो ते बघणारी तपासणी) वगैरे असेल तर त्याला नको म्हणा. पैसे आणि दम दोन्ही वाचतील.

आणि काहीच जमलं नाही तर? घसा, जीभ फार गेलेल्यांना किंवा ज्यांच्या वागण्यात-समजण्यात या आजाराने फरक पडलाय त्यांना मास्क लावूनही काही वेळा जमत नाही. तेव्हा त्यांना छळायचं नाही. लक्षणं, पोटाची हालचाल, रात्रीचा आलेख आणि रक्तवायू या चारांवर बायपॅपचा निर्णय मी आजवर अनेकदा घेतला आहे. बायपॅपचा उपयोग दाखवणारा एक महत्त्वाचा अभ्यास ब्रिटनमधल्या न्यूकॅसलला झाला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ४१ रुग्ण होते. त्यात बोटावरच्या आकड्यावरून कोणाला निवडलं नव्हतं. आडवं झाल्यावर धाप आणि ओढण्याची ताकद कमी, किंवा लक्षणांसह दिवसा वाढलेला कार्बन डायऑक्साइड, हे निकष होते. ज्यांचं गिळणं-बोलणं बऱ्यापैकी होतं त्यांच्या आयुष्यात, मध्यक (रांगेतला मधला आकडा) धरला तर, २०५ दिवसांची भर पडली, आणि ते दिवस बऱ्या अवस्थेतले होते. घशाचे स्नायू फार गेलेल्यांचं आयुष्य वाढलं नाही, पण झोपेशी निगडित त्रास काहीसे हलके झाले. तुमच्या बाबांचं बोलणं अजून थोडंच जड आहे. म्हणजे बायपॅपचा पुरता फायदा मिळण्याचा काळ आत्ता चालू आहे.

पोटातून अन्न देण्याची नळी, पेग, हीसुद्धा याच आकड्यांशी बांधलेली आहे. व्हायटल कपॅसिटी ५० टक्क्यांच्या खाली गेल्यावर ती बसवताना गुंगीच्या औषधांचा धोका वाढतो. गिळायला त्रास व्हायला लागला असेल तर ‘अजून खातोय की’ म्हणून रेंगाळू नका, न्यूरोच्या आणि छातीच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

रिपोर्ट बाबांपासून लपवू नका, एवढं माझं वैयक्तिक मत. ‘त्यांना सांगू नका, खचतील’ हे वाक्य मी रोज ऐकते. पण मास्क तोंडावर रात्रभर सहन करायचा तो त्यांना, आणि तो का लावायचा हे ठाऊक असलेला माणूसच तो सहन करतो. पुढे कधी गळ्यातून नळी घालून व्हेंटिलेटर हवा की नको, हा प्रश्न येणारच आहे. तो रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत तुम्ही घाबरून सोडवण्यापेक्षा बाबांनी बोलता येतंय तोवर सांगितलेला बरा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ लेखी सूचना मान्य केल्या आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर दोन साक्षीदारांसह ते करता येतं.

शेवटी एक चिठ्ठी तयार करा, तिचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि चिठ्ठी बाबांच्या खिशात. बाबा उठवूनही नीट जागे होत नसतील, सकाळी काहीबाही बरळत असतील, श्वास घेताना मानेचे स्नायू ताणले जात असतील, किंवा कफ अडकून ओठ निळे पडत असतील तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि ती तिथल्या पहिल्या डॉक्टरांच्या हातात द्या. बायपॅप सुरू झालेलं असेल तर यंत्र आणि मास्कही बरोबर न्या. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत: ‘मला एमएनडी आहे. माझे श्वासाचे स्नायू कमजोर आहेत, फुफ्फुसे नाहीत. ताबडतोब एबीजी करा. मला बायपॅपची गरज आहे. ऑक्सिजन लागलाच तर मोजून, ८८ ते ९२ वर ठेवून. झोपेचे औषध देऊ नका. मला सपाट झोपवू नका.’